सवलत नक्की कशातून दिली जातेय, ते आधी ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नव्या शहरात आलात, महिन्यातून चार वेळा बाहेर जेवता येईल एवढे पैसे बाजूला ठेवता, ॲप उघडलं की निम्म्या हॉटेलांवर पन्नास टक्के सूट झळकत असते, आणि काही महिने अशा ऑफर गाठत फिरूनही ना पैसे वाचले, ना लक्षात राहावं असं एखादं जेवण झालं. खऱ्या ऑफर कोणत्या आणि चांगली ठिकाणं शोधायची कशी, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता लिहिलंय की पुढच्या महिन्यात आईवडील येणार आहेत आणि त्यांना कुठे न्यावं हे सुचत नाही.

मी हॉटेल व्यवसायातला माणूस आहे. बरीच वर्षं किचनचा हिशेब पाहिला, नंतर फ्लोअर, म्हणजे गिऱ्हाइकं बसतात तो हॉल, सांभाळला. ऑफर जिथे ठरतात त्या बैठकांना मी बसलोय. तिथून बघताना तुमची अडचण मला जरा वेगळी दिसते. ऑफर खरी की खोटी याचा तुम्ही शोध घेताय, पण बहुतेक ऑफर खऱ्याच असतात. विचारायचं ते हे, की ती सूट हॉटेल कशातून देतंय? रिकाम्या खुर्चीतून देत असेल तर बिनधास्त घ्या. तुमच्या ताटातून देत असेल, तर कितीही मोठी असली तरी ती तुमच्या कामाची नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही एकटे जेवता की चौघं मिळून, दुपारी मोकळे असता की रात्रीच, तुमचं काही पथ्य आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकट्या माणसाला 'एकावर एक फुकट' ही ऑफर जवळपास निरुपयोगी असते आणि दुपारची सवलत सर्वांत सोयीची. चौघांचं नेमकं उलट असू शकतं. शहर लहान असेल तर दहा ठिकाणं नीट पाहिली की अंदाज येतो. मोठ्या शहरात मात्र स्वतःला दोन-तीन भागांपुरतं बांधून घ्यावं लागतं, नाहीतर निम्मा वेळ प्रवासातच जातो. हे धरून पुढचं वाचा.

आधी पैशांचा हिशेब. तुम्ही १०० चं बिल भरता तेव्हा साधारण ३० च्या आसपास कच्च्या मालाचे असतात. तेवढेच किंवा थोडे अधिक पगारात जातात. उरलेल्यातून भाडं, वीज, गॅस, दुरुस्ती, साफसफाई, कार्ड-मशीनचा आणि ॲपचा वाटा. नीट चाललेल्या हॉटेलातही मालकाच्या हाती शेवटी राहतो तो आकडा बऱ्याचदा एक अंकी असतो. आता सांगा, ज्याच्याकडे शंभरातले पाच-सात उरतात, तो पन्नास सोडेल कुठून? नफ्यातून तर नक्कीच नाही, कारण तेवढा नफा मुळात नाहीच.

तरी तो सोडतो, कारण काही वेळा त्याच्याकडे विकायला एक अशी वस्तू असते जी आज विकली नाही तर उद्या शिल्लकच राहत नाही. ती वस्तू म्हणजे खुर्चीचा तास. आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी सहा ते साडेसात हॉल रिकामा असतो. पण दिवे लागलेले असतात, आचारी हजर असतो, भाडं चालूच असतं. त्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाने निम्मे पैसे दिले तरी त्यातून कच्चा माल सुटतो आणि वर थोडं उरतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांनी १९९८ च्या सुमारास हा विचार रीतसर मांडला. हॉटेलची कमाई फक्त पदार्थामागे मोजू नका, प्रत्येक उपलब्ध खुर्चीमागे दर तासाला किती उत्पन्न आलं ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. विमानकंपन्या रिकाम्या सीटकडे ज्या नजरेने पाहतात तीच ही नजर. तेव्हापासून चाणाक्ष हॉटेलवाले गर्दीच्या वेळी सूट बंद ठेवतात आणि रिकाम्या वेळी उघडतात.

अशा ऑफरमध्ये तुमच्या ताटाला धक्का लागत नाही. तेच किचन, तोच माल, उलट आचाऱ्याला घाई नसल्याने पदार्थ जास्त नीट होतो. म्हणून ऑफर बघताना पहिली ओळ वाचायची ती टक्केवारीची नको, वेळेची वाचा. 'सोमवार ते गुरुवार, सातच्या आत' अशी अट दिसली की समजावं, हा माणूस रिकामी वेळ विकतोय. शनिवारी रात्री साडेआठला, हॉल तुडुंब भरलेला असताना, सर्व पदार्थांवर निम्मी सूट मिळत असेल तर मात्र मला शंका येते. ती सूट कुणीतरी भरतंयच. कधी बँक किंवा ॲप स्वतःच्या खिशातून भरतं, नवे ग्राहक मिळवण्यासाठी. तसं असेल तर उत्तम, घ्या. पण तसं नसेल तर ती दरपत्रकातून, वाढपातून किंवा मालातून वसूल होते.

दुपारचं जेवण हा याच विचाराचा सर्वांत चांगला अवतार. महागड्या हॉटेलांत दुपारी दोन किंवा तीन पदार्थांचं ठरावीक दराचं जेवण असतं, तेच रात्री मेन्यूकार्डावरून मागवलं तर कितीतरी जास्त पडतं. न्यूयॉर्कमध्ये १९९२ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. त्या निमित्ताने शहरातल्या नामांकित हॉटेलांनी दुपारचं जेवण सालाच्या आकड्यावरून १९ डॉलर ९२ सेंटला दिलं. ती कल्पना इतकी चालली की 'रेस्टॉरंट वीक' या नावाने जगभरातल्या शहरांनी ती उचलली. तुमच्या शहरात असं काही होत असेल तर माझा सल्ला असा की त्यात नेहमीच्या आवाक्यातली ठिकाणं निवडू नका. एरवी ज्या दाराच्या आत पाऊल टाकायचा विचारही केला नसता, तिथे जा. आणि शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत जा. आठवड्याच्या अखेरीस किचन दमलेलं असतं, तेच तेच पदार्थ शेकड्याने काढून आचाऱ्यांचं लक्ष उडालेलं असतं. बुकिंग करताना एक विचारून घ्या: त्या ठरावीक जेवणातले पदार्थ तुमच्या नेहमीच्या मेन्यूवरचे आहेत की खास या आठवड्यासाठी बनवलेले? नेहमीचे असतील तर जा. खास बनवलेले म्हणजे बहुधा स्वस्तात बसवलेले.

आता कूपनांबद्दल. २००८ मध्ये शिकागोत ग्रुपॉन हे सवलतीची कूपनं विकणारं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा त्यांची पहिली ऑफर होती एकाच्या दरात दोन पिझ्झा, त्याच इमारतीतल्या बारमध्ये. दोन वर्षांनी राइस विद्यापीठातल्या उत्पल ढोलकिया यांनी अशी ऑफर दिलेल्या १५० व्यवसायांची पाहणी केली. त्यातल्या ३२ टक्क्यांना ती परवडली नव्हती, आणि सेवाव्यवसायांत सर्वांत वाईट अवस्था हॉटेलांची होती. त्यातला एक निष्कर्ष मला तुमच्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो: ऑफर यशस्वी होण्याचा सर्वांत जवळचा संबंध कर्मचाऱ्यांच्या समाधानाशी होता. फ्लोअरवर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. मालकाने ऑफर जाहीर केली, पण माणसं वाढवली नाहीत, टिप घटली, हॉल दुपटीने भरला, की वेटरच्या मनात कूपनवाल्या टेबलाबद्दल अढी बसते. मग पाणी उशिरा येतं, ऑर्डर उशिरा जाते, आणि तुम्ही म्हणता की हॉटेल वाईट आहे. म्हणून नव्या ठिकाणी पहिल्यांदा जाताना मोठं कूपन वापरू नका. आधी पूर्ण दरात एक-दोन पदार्थ खाऊन बघा. ठिकाण आवडलं तर दुसऱ्यांदा कूपन घेऊन जा, तेव्हा तुम्हाला तुलना करता येईल. कूपन असेल तर ते बसल्याबरोबर सांगा, बिल आल्यावर नको. आणि जिथे टिप देण्याची पद्धत असेल तिथे ती सवलतीच्या आधीच्या रकमेवर द्या. वेटरने कष्ट पूर्ण घेतलेले असतात.

अटींचं गणित एकदा कागदावर करून बघा. समजा तुमचं दोघांचं पोट ८०० मध्ये भरतं. ऑफर आहे २५ टक्के सूट, किमान बिल १२००. तुम्ही ४०० चं जास्तीचं मागवता, सूट वजा जाऊन ९०० भरता, आणि वाटतं की ३०० वाचले. प्रत्यक्षात १०० जास्त गेले, शिवाय नको असलेला एक पदार्थ अर्धा टेबलावर राहिला. दुसरा नमुना: '५० टक्के सूट, कमाल १००'. हजाराच्या बिलावर ही फक्त १० टक्के आहे. तिसरं, सूट पेयांना लागू आहे का ते बघा. हॉटेलाला सर्वांत जास्त सुटतं ते पेयांवर, त्यामुळे जेवणावर घसघशीत सूट आणि पेयं पूर्ण दराने, हे गणित बऱ्याचदा तिथेच जुळवलेलं असतं. आणि कर किंवा सेवाशुल्क सूट देण्याच्या आधीच्या रकमेवर लावलंय की नंतरच्या, हेही विचारून ठेवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सरळ विचारलेल्या प्रश्नाला चांगलं हॉटेल सरळ उत्तर देतं.

'एकावर एक फुकट' मध्ये हॉटेलाला दुसऱ्या ताटाचा फक्त माल मोजावा लागतो. एका ताटाचे शंभर आले, दोन ताटांच्या मालाचे साठ गेले, तरी हिशेब तगतो. म्हणून ही ऑफर तशी प्रामाणिक असते, दोघांनाही ती गोष्ट खरोखर हवी असली तर. दुसरं फुकट आहे म्हणून न आवडणारं मागवणं, हीच तिची खरी किंमत.

बुफेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. माणूस एकाच चवीला लवकर कंटाळतो, पण चव बदलली की पुन्हा खाऊ लागतो. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये केलेल्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं समोर ठेवली, तर लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. बुफे चालतो तो यावरच. तुम्ही भरपूर खाता, त्यामुळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, पण काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शिवाय तिथली मांडणी विचारपूर्वक केलेली असते: सुरुवातीला पोट भरणारे, स्वस्त, तळलेले पदार्थ, आणि महागाचे पदार्थ शेवटी, तेही बहुधा माणूस हाताने वाढतो तिथे. जायचंच असेल तर उघडल्या उघडल्या जा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवणं सुरक्षिततेसाठी गरजेचं असतं, आणि तासन्‌तास त्या तापमानाला राहिलेला पदार्थ आळतो, कोरडा पडतो, मग ती भाजी असो की भात. पहिल्यांदा हातात ताट न घेता एक फेरी मारा. ज्या भांड्यातून सतत उचललं जातंय आणि सतत नवीन भरलं जातंय, तिथून घ्या. ज्यावर साय धरलीय ते सोडा.

आता दुसरा भाग, चांगलं ठिकाण ओळखायचं कसं. गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांवर फार विसंबू नका, आणि ते पूर्ण बाजूलाही टाकू नका. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी २०११ मध्ये दाखवलं की येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचा एक तारा वाढला तर हॉटेलचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, आणि तो परिणाम मोठ्या साखळ्यांवर नव्हे, तर स्वतंत्र हॉटेलांवर होतो. एवढं पैशात मोजता येणारं महत्त्व असलं की तारे वाढवण्याचे प्रयत्न होणारच, सरळ मार्गाने आणि वाकड्याही. मी काय करतो ते सांगतो. पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवतो आणि मधले अभिप्राय वाचतो, तेही गेल्या काही महिन्यांतले, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं, नावाची पाटी मात्र तीच राहते. त्यात एखाद्या पदार्थाचं नाव वेगवेगळ्या लोकांनी आपणहून घेतलंय का, हे शोधतो. मग त्याच पदार्थाचे गिऱ्हाइकांनी वेगवेगळ्या महिन्यांत काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून बघतो. रंग, वाढप, कडेची सजावट सारखी दिसली की समजावं, किचनला शिस्त आहे. मला तरी हा फोटोंचा पुरावा शंभर कौतुकाच्या वाक्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मेन्यूकार्ड बाहेर लावलेलं असेल तर ते वाचा. लांबलचक मेन्यू पाहून अनेकांना आनंद होतो, माझ्या मनात पाल चुकचुकते. दीडशे पदार्थ असलेल्या किचनमध्ये दीडशे पदार्थ शिजत नाहीत. चार-पाच मूळ तयारी असतात आणि बाकी फ्रीजरमधून निघतं, वरून नाव बदलतं. पंचवीस-तीस पदार्थांचं कार्ड असलेल्या ठिकाणी प्रत्येक पदार्थाचा खप चांगला असतो, माल रोज फिरतो. अपवाद असतात. खूप मोठ्या, सतत भरलेल्या हॉलला लांब मेन्यू पेलतो. तुम्ही अडचणीत येता ते लांब मेन्यू आणि रिकामा हॉल एकत्र दिसला तर.

कार्डावर पदार्थ कुठे ठेवायचा हेही ठरवलेलं असतं. १९८२ मध्ये कासावाना आणि स्मिथ या दोघांनी मेन्यूतले पदार्थ चार गटांत मांडायची पद्धत दिली: खप आणि नफा दोन्ही जास्त, खप जास्त पण नफा कमी, नफा जास्त पण खप कमी, आणि दोन्ही कमी. आजही किचनचा हिशेब करताना हीच मांडणी वापरली जाते. गिऱ्हाईक म्हणून तुमच्या फायद्याचा गट दुसरा. ज्याचा खप प्रचंड आहे पण हॉटेलाला फारसं सुटत नाही असा पदार्थ. तो ताजा असतो, कारण सतत निघतो. त्यात हात बसलेला असतो. आणि मालक तो काढून टाकू शकत नाही, कारण लोक त्याच्यासाठीच येतात.

तो पदार्थ शोधायचा कसा? 'तुमच्याकडे चांगलं काय आहे?' असं विचारू नका. त्याचं उत्तर वेटरला बऱ्याचदा शिकवून ठेवलेलं असतं आणि ते तिसऱ्या गटातलं असतं, म्हणजे नफ्याचं पण न खपणारं. त्याऐवजी विचारा, 'आज सर्वांत जास्त काय गेलं?' हा प्रश्न मताचा नाही, माहितीचा आहे. वेटर क्षणभर आठवतो आणि खरं ते सांगतो. फार झालं तर शेजारच्या चार टेबलांवर नजर टाका. तीन टेबलांवर एकच गोष्ट दिसली तर कार्ड मिटवा.

वेळेचं थोडक्यात: गर्दी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोचा. तेव्हा सगळी तयारी ताजी असते आणि आचारी सावध असतो. किचन बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात शक्यतो जाऊ नका, तेव्हा शेगड्या पुसायला घेतलेल्या असतात. नुकतंच उघडलेलं हॉटेल पहिले काही आठवडे तसंच राहू द्या, माणसांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येतो, म्हणजे छोट्या खाऊकडे. तुम्ही सगळा हिशेब जेवणांचा मांडलाय, पण शहराची ओढ लागते ती आइस्क्रीम, बेकरीतला पाव, गरम तळण, कॉफी यांच्यामुळे. एकच गोष्ट करणारं छोटं दुकान त्या गोष्टीत मोठ्या हॉटेलाला सहज मागे टाकतं, आणि तिथे सूट शोधावीच लागत नाही. एका महागड्या जेवणाच्या पैशात महिनाभर दर आठवड्याला शहरातली एक उत्तम गोष्ट खाता येते. तुमच्या चार जेवणांतलं एक कमी करून ते पैसे इकडे वळवा, असं मी मनापासून सुचवेन.

इथेही थोडं जाणून खाल्लं तर मजा वाढते. आइस्क्रीमचं बघा. त्यात हवा घुसळलेली असते, आणि ती असावीच लागते, नाहीतर ते दगडासारखं होईल. पण किती हवा यात सगळा फरक आहे. स्वस्त प्रकारांत निम्मी जागा हवेचीच असू शकते, इटालियन पद्धतीच्या जिलाटोमध्ये ती बरीच कमी असते. म्हणून दोन दुकानांची तुलना गोळ्याच्या आकारावरून करू नका, हातात कप घेऊन वजनावरून करा. दिसायला मोठा पण हाताला हलका असेल तर तुम्ही हवेचे पैसे दिलेत. काउंटरच्या ट्रेमध्ये डोंगरासारखं उंच रचलेलं आइस्क्रीम फोटोत छान दिसतं, पण वरचा भाग थंडीच्या बाहेर राहतो, थोडा वितळतो आणि पुन्हा गोठतो. मग जिभेला बर्फाचे बारीक कण करकरीत लागतात. झाकणाच्या भांड्यात ठेवणारं दुकान दिसलं तर तिथे जा, भले काही दिसत नसलं तरी. आणि घेतल्याबरोबर तुटून पडू नका. फार थंड असताना जिभेला गोडी आणि वास दोन्ही कमी कळतात. दोन-तीन मिनिटं थांबा, कडा किंचित चमकू लागल्या की पहिला चमचा घ्या. मूळ चव तेव्हा लागते, आणि ती व्हॅनिलासारख्या साध्या प्रकारात सर्वांत स्पष्ट कळते. नव्या दुकानात मी नेहमी सर्वांत साधा प्रकार आधी मागतो, कारण त्यात लपवायला जागा नसते.

तळलेलं कधीही पार्सल घेऊ नका. डब्यात कोंडलेली वाफ कुरकुरीतपणा मारते, आणि मग त्यात सूट मिळाली काय, न मिळाली काय. दुकानासमोर उभं राहून खा. पाव मात्र बिनदिक्कत घरी न्या, आणि बेकरीत संध्याकाळी उशिरा मिळणारी सूट आवर्जून घ्या. ही मला ठाऊक असलेल्या सवलतींतली सर्वांत स्वच्छ सवलत, कारण सकाळचा पाव रात्री अजून चांगलाच असतो, पण उद्या सकाळी तो ताजा म्हणून विकता येणार नसतो. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'टू गुड टू गो' हे ॲप याच कल्पनेवर उभं आहे: दिवसाअखेरीस उरलेला चांगला माल पिशवीत भरून कमी दरात द्यायचा. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर वापरा. घरी आणलेला पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथल्या थंडीत तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. काप करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तसे सरळ तव्यावर गरम करा.

घरपोच मागवण्याबद्दल फार लिहीत नाही. ॲपचा वाटा अनेक ठिकाणी १५ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. वरच्या हिशेबात तो कुठून येणार हे तुम्हीच बघा. म्हणून बऱ्याच ठिकाणी ॲपवरचा दर हॉटेलातल्या दरापेक्षा जास्त असतो, आणि सूट त्या वाढीव दरावर असते. दोन्ही कार्डं एकदा शेजारी ठेवून पाहा. आवडतं हॉटेल चालण्याच्या अंतरावर असेल तर फोन करून स्वतः घेऊन या.

ठरावीक हॉटेलांत सूट देणारं वार्षिक सदस्यत्व घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. त्या यादीतल्या किती हॉटेलांत तुम्ही सदस्यत्व नसतानाही गेला असता, ती नावं लिहून काढा. पाच नावं निघाली तर घ्या. नाही निघाली तर ते सदस्यत्व तुम्हाला नको तिथे फिरवत राहील, आणि गेल्या काही महिन्यांत तुमचं तेच झालंय.

मग महिना कसा आखायचा? एक जेवण कायम ठरलेल्या ठिकाणी, पूर्ण दरात. तोंडओळख झालेल्या गिऱ्हाइकाला मिळणारी वागणूक कुठल्याही कूपनपेक्षा मोलाची असते. तुम्ही आल्यावर वेटर आपणहून सांगतो की आज अमुक नको, तमुक घ्या. एक जेवण महागड्या ठिकाणी, दुपारच्या ठरावीक दरात. एक पूर्णपणे नव्या ठिकाणी, आठवड्याच्या मधल्या वारी, कमी पदार्थ मागवून. चौथ्याचे पैसे छोट्या खाऊवर. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे स्वतःची यादी तयार होईल.

आईवडिलांना यातल्या नव्या ठिकाणी नेऊ नका, आणि अमुक वेळेला सूट आहे म्हणून त्यांची जेवणाची वेळ बदलू नका. तुम्ही किमान दोनदा जाऊन आलेलं ठिकाण निवडा, म्हणजे काय मागवायचं हे तुम्हाला माहीत असेल आणि त्यांना कार्ड चाळत बसावं लागणार नाही. आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवा. किचनच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांबचं टेबल मागा. मोठ्या आवाजात वयस्कर माणसांना शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही आणि ते गप्प होतात, मग आपल्याला वाटतं की त्यांना जेवण आवडलं नाही. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आहेत का, पायऱ्या किती आहेत, हेही विचारा. तिखट आणि मीठ कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. गर्दीच्या अर्धा तास आधी पोचलात तर किचन ते ऐकू शकतं, नंतर कठीण जातं. गोड मात्र तिथे मागवू नका. जेवण झाल्यावर तुमच्या आवडत्या आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत त्यांना हळूहळू चालत घेऊन जा.